चार सुट्ट्यांचे पंचांग

निरनिराळ्या भाषा, आहार, सणवार आणि मानपानाच्या कल्पना घेऊन आलेली माणसे एका छपराखाली, एका साहेबाच्या हाताखाली आणि जमल्यास एकाच दिशेने काम करू लागली, की त्यांना व्यवस्थापनशास्त्रात 'बहुसांस्कृतिक चमू' म्हणतात. या शास्त्रात ज्यांचे नाव घेतल्याशिवाय पहिले प्रकरण सुरू होत नाही, त्या गीर्ट हॉफस्टीड या डच समाजमानसशास्त्रज्ञांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून लाखावर प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यांचा अभ्यास केला आणि 1980 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रत्येक देशाच्या स्वभावाला गुण दिले. त्यांतील सर्वांत गाजलेला विषय म्हणजे 'सत्ता-अंतर', म्हणजे अधिकाराची वाटणी विषम असते हे खालच्या पायरीवरच्या माणसाने किती निमूटपणे गृहीत धरलेले असते, याचे माप. या विषयात डेन्मार्कला 18, अमेरिकेला 40 आणि भारताला 77 गुण मिळाले. शालान्त परीक्षेत एवढे गुण पडले असते तर घरोघर पेढे वाटले गेले असते; इथे मात्र त्यांचा अर्थ एवढाच, की भारतीय कर्मचारी साहेबासमोर खुर्चीच्या टोकावर बसतो आणि साहेब उठला की आपणही उठतो.

या मोजपट्टीची एक अडचण तिच्या अभ्यासकांनीही वेळोवेळी दाखवून दिली आहे, ती अशी की तिने अख्ख्या देशाला एकच आकडा दिला. ज्या गावातल्या एका जेवणाच्या टेबलावर पाच डबे उघडले की पाच निरनिराळी तेले दरवळतात, त्या गावाला हा आकडा पुरत नाही, आणि असे गाव शोधायला महाराष्ट्रात फार लांब जावे लागत नाही. पनवेल हे मुळात खाडीवरचे बंदर आणि बोरघाटाच्या वाटेवरचा मुक्काम. 1852 साली नगरपालिका आणि त्याच्याही तीन वर्षे आधी, 1849 साली, बेने इस्रायली ज्यूंचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर ज्या गावात उभे राहिले, त्याला परक्या माणसाचे अप्रूप वाटण्याचे वय केव्हाच उलटून गेलेले होते. पुढे 1970 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, 1989 मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तळोज्यात कारखाने आले, कळंबोलीत लोखंड-पोलादाचा बाजार बसला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वाला गेली, 2016 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि 2025 मध्ये विमानतळाचेही उद्घाटन झाले. या प्रत्येक घटनेबरोबर एक नवी बोली, एक नवे लोणचे आणि रजेचे एक नवे कारण पनवेलच्या हद्दीत दाखल झाले.

विवेचनाच्या सोयीसाठी पनवेल परिसरातील एखादे मालवाहतूक आणि गोदामाचे कार्यालय नमुना म्हणून कल्पिले, तर त्याची रचना साधारण अशी आढळते. व्यवस्थापक लखनऊकडचा असून त्याच्यापाशी व्यवस्थापनाची पदवी आणि ती काचेच्या चौकटीत लावण्यासाठी भिंत, अशा दोन्ही गोष्टी असतात. हिशेब आणि हजेरीचे काम मल्याळी बाबू पाहतो, सीमाशुल्काचे कागद बंगाली सांभाळतो, फोर्कलिफ्ट चालवणारे बिहारमधील सिवानचे असतात, कागदपत्रांवर मराठीत आणि मनात चिपळूणला वावरणारे दोन-तीन कोकणी कारकून कामोठ्याहून येतात, उपाहारगृहाचा ठेका मंगळूरकडच्या शेट्टींकडे असतो आणि प्रवेशद्वारावर, वजनकाट्याच्या शेजारी, लगतच्या गावातला आगरी समाजाचा पर्यवेक्षक बसतो. मनुष्यबळ विभागाच्या बाई पुण्याच्या असतात, आणि या चमूतील सर्वांत परकी संस्कृती त्यांचीच आहे याविषयी उरलेल्या सर्वांचे एकमत असते.

सत्ता-अंतराचा सिद्धान्त या कार्यालयाला लावून पाहिला असता सकाळी साडेनऊ ते सायंकाळी सहा या वेळेत तो निर्दोष ठरतो. व्यवस्थापकाची गाडी फाटकाशी आली की पर्यवेक्षक उठून उभा राहतो, सलाम करतो, अडथळ्याचा दांडा वर घेतो आणि साहेबांच्या मागोमाग आलेल्या ट्रेलरला उगाचच दरडावतो. सायंकाळी सहानंतर मात्र हा सिद्धान्त उलटा टांगला जातो, आणि त्याचे कारण समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला आणि त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. भात आणि मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला अशा रीतीने भूखंड आले, भूखंडांवर इमारती आल्या, आणि इमारतींत भाडेकरू आले. त्या भाडेकरूंपैकी एक लखनऊकडचा व्यवस्थापक असणे ही पनवेल, कळंबोली, कामोठे या पट्ट्यातली इतकी सामान्य गोष्ट आहे, की तिचे आश्चर्य फक्त त्या व्यवस्थापकालाच वाटत राहते.

परिणामी दिवसा ज्याने दांडा वर घ्यायचा, त्याच्याच दारात संध्याकाळी साहेब पायातले बूट काढून उभे असतात. अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो, वरच्या टाकीची मोटर दोन दिवस बंद असते आणि "शेट, जरा पाण्याचं बघा ना" एवढे वाक्य लखनवी अदबीत कसे बसवावे याचा सराव जिन्यातच झालेला असतो. शेट पाटावर बसून नातवाला भरवत असतात. ते "बसा साहेब" म्हणतात, चहा सांगतात, पण मोटरचा विषय चहा संपल्यावरच निघतो, कारण कोणता विषय केव्हा निघेल हे आता तेच ठरवणार असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर पुन्हा सलाम होतो, आणि त्या सलामात किंचितही फरक पडलेला नसतो. हॉफस्टीड यांच्या प्रश्नावलीत 'आपला वरिष्ठ आपला भाडेकरू आहे काय' असा रकाना नव्हता. तो असता तर भारताचे गुण सूर्योदयाचे आणि सूर्यास्ताचे असे वेगवेगळे छापावे लागले असते. प्रस्तुत विषयावरील ग्रंथांत उतरंड ही शिडीसारखी दाखवतात, पनवेलमध्ये ती रहाटपाळण्यासारखी आहे, आणि म्हणूनच इथला कोणताही अनुभवी अधिकारी कनिष्ठाला झापण्याआधी त्याचा सातबारा कुठला आहे याची चौकशी करून ठेवतो.

एवढे झाले तरी मानपान हा या विषयाचा गाभा नव्हे. गाभा आहे ती रजा. संस्कृती ही वस्तू ग्रंथांत मूल्ये, श्रद्धा आणि वर्तन अशा भारदस्त शब्दांनी अवतरत असली, तरी कार्यालयात ती नेहमी अर्जाच्या रूपाने येते आणि त्या अर्जाच्या शेवटी 'तरी कृपया मंजूर करावी' असे लिहिलेले असते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेतील प्रत्येक कामगाराला वर्षातून आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. पैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या असून उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायचे असते. कायदा करणाऱ्यांच्या मनात या तरतुदीमागे लोकशाहीचा उदात्त विचार असणार यात शंका नाही, पण हा विचार त्यांनी पनवेलच्या कार्यालयात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसून केला असता तर कदाचित त्यांनी चारही सुट्ट्या स्वतःच जाहीर करून टाकल्या असत्या.

कारण त्या बैठकीत दिवाळी आणि होळी या दोनच नावांवर एकमत होते, आणि तेही होळी की धुळवड यावर अर्धा तास गेल्यानंतर. मग गणेश चतुर्थी, छठ, ओणम, दुर्गापूजेतील अष्टमी, ईद, नाताळ आणि नारळी पौर्णिमा अशा सात उमेदवारांत दोन जागांची निवडणूक लागते. तिला पक्षांतरबंदी कायदा लागू नसल्यामुळे बंगाली बाबू ओणमच्या बाजूने आणि मल्याळी बाबू अष्टमीच्या बाजूने मत देण्याचा करार उपाहारगृहात आधीच करून येतात. पुण्याच्या बाई 'ऐच्छिक सुट्टी' ही कल्पना मांडतात, म्हणजे प्रत्येकाने आपापला सण निवडावा; तिचे सर्व जण मनापासून स्वागत करतात आणि प्रत्येक जण दोन-दोन सण निवडतो.

या बाबतीत कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या रायगडची, जुनी परंपरा अधिक सुटसुटीत होती असे म्हणावे लागते. इथल्या खेड्यापाड्यांत तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली शनिवारी घाण्याला हात लावत नसत; गावाने त्यांना 'शनवार तेली' असे नाव दिले आणि तेल शुक्रवारीच भरून ठेवले. त्यासाठी बैठक झाली नाही, ठराव झाला नाही, की विविधतेचे धोरण लॅमिनेट करून भिंतीवर लागले नाही. गिऱ्हाइकाला फोडणीची काळजी असली की सहिष्णुता आपोआप येते, हा मुद्दा अर्थशास्त्राचा असल्याने इथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

सणांपेक्षाही उपासांचे व्यवस्थापन अवघड असते आणि त्याची खरी शिक्षा उपाहारगृहाच्या ठेकेदाराला भोगावी लागते. याचे मूळ खगोलशास्त्रात आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, या पद्धतीला अमान्त म्हणतात. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो आणि त्या पद्धतीला पौर्णिमान्त म्हणतात. दोन्हीकडचा शुक्ल पक्ष एकच असला तरी कृष्ण पक्षाचे नाव बदलते, आणि त्यामुळे उत्तर भारतीयांचा सावन मराठी माणसाच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होऊन पंधरा दिवस आधी संपतो. उदाहरणार्थ, 2025 मध्ये सिवानकरांचा सावन 11 जुलैला लागला आणि 9 ऑगस्टला, राखी पौर्णिमेला, सुटला. चिपळूणकरांचा श्रावण 25 जुलैला लागला आणि 23 ऑगस्टला संपला.

पंचांगातील हा निरुपद्रवी फरक भटारखान्यात उतरला की काय होते, ते पाहण्यासारखे असते. आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे जिला सज्जन लोक दीप अमावास्या आणि उरलेले बहुसंख्य लोक गटारी म्हणतात तिच्या उंबरठ्यावर, मराठी आणि आगरी मंडळी कोंबडी, मटण, सुकट आणि सोडे यांची महिन्याभराची बेगमी पोटात करून ठेवण्याच्या मोहिमेवर असतात. नेमके त्याच वेळी फोर्कलिफ्टचे चालक सावनात असून कांदा-लसणाचा वासही सहन करत नाहीत. पुढे राखी पौर्णिमा उलटली की हेच चालक महिन्याच्या तपानंतर मोकळे होतात आणि शेट्टींकडे मटणाची चौकशी करतात, तेव्हा समोरच्या टेबलावर श्रावणी सोमवारचे मराठी व्रतस्थ वरईचा भात घेऊन बसलेले असतात आणि आपल्या कोपलेल्या नजरा झाकण्याची तसदी घेत नाहीत. बंगाली बाबूंना हे प्रकरण पहिल्यापासून अनाकलनीय असते. मासळी ही सामिष वर्गात मोडते हेच त्यांना मान्य नसते. शिवाय नवरात्रात सारे कार्यालय साबुदाण्यावर असताना त्यांचा दुर्गापूजेचा डबा मटणाने भरलेला असतो, आणि तोही देवीच्या नावाने. शेट्टी या सर्वांवर तोडगा म्हणून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरपर्यंत रोज इडली-सांबार करतात. व्यवस्थापनाच्या भाषेत याला 'समावेशक धोरण' म्हणता येईल, जरी शेट्टींनी ते मुख्यतः मटणाचे वाढलेले भाव पाहून आखलेले असले तरी.

कार्यालयातील मायक्रोवेव्हविषयी स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल. सुक्या बोंबलाच्या डब्याने एकदा तो गरम झाला, की पुढचे तीन दिवस त्यात ठेवलेला उपमाही स्वतःला कोळी समजू लागतो. त्यावर निघालेल्या परिपत्रकात 'तीव्र गंधाचे पदार्थ' असा शब्दप्रयोग करण्यात येतो आणि हिंग, सांबार, मोहरीचे तेल व सुकट यांचे चारही पक्ष तो दुसऱ्या पक्षाला उद्देशून आहे असे समजून समाधानाने सही करतात.

रजेच्या राजकारणात गणपतीचे स्थान वेगळे आहे, कारण तिथे रजेचा अर्ज हा केवळ उपचार असतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडते. कोकणी कारकून त्या पहाटे जागा असतो आणि एकदा तिकीट हाती आले, की त्याच्या लेखी रजा मंजूर झालेली असते. साहेबाने नकार दिला तर तो साहेबावर रागावत नाही, फक्त खिशातून तिकीट काढून दाखवतो, जणू वरच्या न्यायालयाचा निकाल आहे. सत्ता-अंतर 77 असलेल्या देशात साहेबाच्या शब्दापेक्षा निश्चित झालेल्या बर्थचा शब्द वरचढ ठरतो, ही बाब संशोधकांच्या नजरेतून सुटलेली दिसते. ज्याला तिकीट मिळत नाही, तो पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागतो, आणि तो किती दिवसांनी परतेल हे महामार्गाच्या स्थितीवर अवलंबून असल्यामुळे त्याच्या अर्जात 'पर्यंत' या शब्दापुढची जागा मोकळी सोडण्याची प्रथा पडली आहे.

2025 च्या सप्टेंबरने या शास्त्राची जी परीक्षा घेतली, तिची नोंद इथे घेतली पाहिजे. त्या वर्षी 27 ऑगस्टला गणपती बसले, 5 सप्टेंबरला तिरुओणम आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले आणि 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. राज्य शासनाने अगदी तोंडावर मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ईदची सुट्टी 5 तारखेवरून 8 तारखेवर नेली, आणि बाकी जिल्ह्यांत ती 5 लाच राहिली. बाकी जिल्ह्यांत रायगडही येतो. मुख्य कचेरी मुंबईत आणि गोदाम पनवेलला असलेल्या कंपन्यांच्या बाबतीत याचा अर्थ असा, की शुक्रवारी मुंबईने पनवेलला आणि सोमवारी पनवेलने मुंबईला फोन करावा, आणि दोन्ही वेळा तो कोणी उचलू नये. दरम्यान मल्याळी बाबूंचे ओणम कोकणवासीयांच्या गणपतीखाली सापडले. हजेरीपटाचे ते स्वतःच रखवालदार असल्यामुळे त्यांना रजा घेणे नैतिकदृष्ट्या जड गेले, आणि पायसमचा डबा त्यांनी एका रिकाम्या कार्यालयात, हजर असलेल्या चार बिहारी चालकांबरोबर संपवला, असे चित्र कल्पिण्यास हरकत नाही.

ते चार चालक त्या दिवशी हजर का असतात, यात या साऱ्या विषयाचे मर्म आहे. छठ कार्तिक शुद्ध षष्ठीला येते, म्हणजे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. तोवर मराठी मंडळी भाऊबीज उरकून कामावर परतलेली असतात. सिवानकराला मात्र दिवाळी ते छठ असे सलग दहा-बारा दिवस हवे असतात, कारण पनवेलहून गोरखपूरची गाडी पकडून, तिथून पुढे सिवान गाठून, छत्तीस तासांचे निर्जळ व्रत धरलेल्या आईच्या मागे टोपली डोक्यावर घेऊन घाटावर उभे राहणे हे काम शनिवार-रविवारात बसत नाही. म्हणून गणपतीत तो चिपळूणकराची पाळी करतो आणि छठला चिपळूणकर त्याची. हा व्यवहार वजनकाट्याजवळ, चहाच्या टपरीच्या साक्षीने, प्रवेशद्वारावरच्या पर्यवेक्षकाच्या मध्यस्थीने होतो. पर्यवेक्षक स्वतः दीड दिवसाचा गणपती आटोपून परतलेला असतो, त्यामुळे लवाद म्हणून तो दोन्ही पक्षांना चालतो. या कराराची प्रत व्यवस्थापकाला मिळत नाही. त्याला फक्त एवढेच दिसते, की दोन्ही सणांत गोदाम चालू राहिले. आणि वर्षअखेरच्या अहवालात तो हे आपल्या 'आंतरसांस्कृतिक नेतृत्वाचे फलित' म्हणून नमूद करतो, ज्याबद्दल त्याला दोष देता येत नाही, कारण त्या अहवालात तसा रकानाच असतो. अदलाबदलीची ही सगळी यंत्रणा वर्षातून एकदाच कोलमडते, ती 31 डिसेंबरला. त्या रात्रीची रजा सर्व धर्म, सर्व प्रांत आणि सर्व आहारपंथ यांना सारखीच हवी असते, आणि तिच्या बदल्यात द्यायला कोणापाशी काहीच उरलेले नसते.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1976 मध्ये 'उच्च संदर्भ' आणि 'निम्न संदर्भ' असा भेद मांडला. पहिल्या प्रकारच्या संस्कृतीत अर्थ शब्दांबाहेर, संदर्भात असतो आणि दुसऱ्या प्रकारात तो शब्दांतच असतो. बंदरातील टर्मिनलांमागे दुबई, डेन्मार्क आणि सिंगापूर येथील कंपन्या असल्यामुळे पनवेलच्या कार्यालयांना निम्न संदर्भाची पत्रे वारंवार येतात, आणि 'कंटेनर किती वाजता सुटेल' या प्रश्नाला 'गाडी निघालेलीच आहे' असे उच्च संदर्भाचे उत्तर जाते. गाडी तेव्हा कळंबोली सर्कलला उभी असते.

अशा कार्यालयांत वर्षातून एकदा आंतरसांस्कृतिक संवेदनशीलतेची कार्यशाळा घेण्याची पद्धत आहे. तिची तारीख ठरवताना कोणाचाही सण नको, हा निकष लावला जातो, आणि हजेरीबाबूंनी सगळी पंचांगे चाळून झाल्यावर बोट पितृपक्षावर येऊन थांबते, कारण त्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, नवी गाडी नाही आणि कोकणच्या गाड्यांना गर्दीही नाही. 2025 च्या पंचांगात अशी सर्वांत निर्धोक दिसणारी तारीख 17 सप्टेंबर होती. बिहार-बंगालकडे बहुतेक वर्षी याच तारखेला विश्वकर्मा पूजा असते, त्या दिवशी यंत्रे पुसून, हार घालून पुजली जातात आणि चालवली जात नाहीत, हे मराठी पंचांगात ठळक छापलेले नसते, कारण मराठी माणूस हत्यारांची पूजा दसऱ्याच्या सुमारास उरकतो. त्यामुळे दिल्लीहून आलेले तज्ज्ञ सभागृहात पोहोचतात तेव्हा फोर्कलिफ्ट झेंडूच्या माळांनी नटलेले असतात, शेट्टींचा मिक्सर बंद असतो, आणि सिवानच्या मंडळींनी मोठ्या भक्तिभावाने, कोणतेही यंत्र उपेक्षित राहू नये म्हणून, प्रोजेक्टरलाही कुंकू लावून हार घातलेला असतो. तो सुरू करायला बंगाली बाबू हात लावत नाहीत, व्यवस्थापक श्रद्धेचा प्रश्न म्हणून आग्रह करत नाही, आणि तज्ज्ञ स्वतः बुंदीचा प्रसाद हातात असल्यामुळे काही करू शकत नाहीत. मल्याळी बाबूंपुढे मात्र तो दिवस हजेरीपटावर कसा दाखवावा हा पेच उभा राहतो. सण म्हणून दाखवला तर ती कायद्याबाहेरची नववी सुट्टी होते. थोड्या विचारानंतर ते 'प्रशिक्षण, सर्व उपस्थित' असे लिहितात आणि तज्ज्ञांचीही सही घेतात.